गोचीड आणि पिसवांसाठी थेंब, गोळी की गळपट्टा?

कुत्र्या-मांजरांच्या लसीकरणासाठी आलेले पालक दवाखान्यातून निघताना हमखास विचारतात, की गोचीड आणि पिसवांसाठी मानेवर टाकायचे थेंब बरे, चघळण्याची गोळी बरी, की एकदा बांधला की काही महिने पुरणारा गळपट्टा बरा. तिन्ही प्रकार नीट वापरले तर काम करतात. म्हणून आम्ही आधी चार गोष्टी विचारून घेतो: घरात मांजर आहे का, कुत्र्याला किती वेळा आंघोळ घातली जाते, त्याला पूर्वी कधी झटके आले होते का, आणि पुढची मात्रा आठवणीने देणे पालकांना कितपत जमते. या उत्तरांवरूनच बहुतेक वेळा निवड होते.

तिन्ही प्रकारांतला मूळ फरक असा, की थेंब आणि गळपट्टा त्वचेवर काम करतात, तर गोळी रक्तातून काम करते. फिप्रोनिलसारख्या औषधाचे थेंब खांद्यांच्या मधोमध केस बाजूला सारून थेट त्वचेवर टाकले, की एक-दोन दिवसांत ते त्वचेच्या तेलकट थरातून अंगभर पसरते, तेलग्रंथींमध्ये साठते आणि तेथून महिनाभर थोडे थोडे बाहेर येत राहते. इमिडाक्लोप्रिड आणि फ्लुमेथ्रिन असलेला गळपट्टा हेच काम अधिक संथपणे आणि सुमारे सात ते आठ महिने करतो. गोळीतील औषधे आयसोक्साझोलिन या गटातील असतात. त्यांपैकी अफोक्सोलानर, सारोलानर आणि लोटिलानर साधारण महिनाभर, तर फ्लुरालानर सुमारे बारा आठवडे परिणाम देते. पिसू किंवा गोचीड रक्त पिते तेव्हा हे औषध तिच्या पोटात जाते आणि तिची मज्जासंस्था बंद पडते.

म्हणजेच गोळी काम करण्यासाठी गोचीड आधी चावावी लागते. 'गोळी देऊनही अंगावर गोचीड दिसली' ही तक्रार यामुळेच वारंवार येते आणि बहुतेक वेळा ती गोचीड मेलेली किंवा मरणाच्या वाटेवर असते. मात्र हा मुद्दा एवढ्यावर सोडून देण्यासारखा नाही. बॅबेसिया हा रक्तातील परजीवी कुत्र्याच्या शरीरात जाण्यासाठी गोचीड साधारणपणे एक-दोन दिवस चिकटून राहावी लागते, आणि त्याआधी गोळी तिला मारण्याची शक्यता चांगली असते. एर्लिकिया हा जिवाणू मात्र गोचीड चिकटल्यानंतर काही तासांतच संक्रमित होऊ शकतो. त्यामुळे ज्या परिसरात एर्लिकियाचा गोचीड ताप वरचेवर आढळतो, तेथे गोचिडीला चावूच न देणाऱ्या औषधाला वेगळे महत्त्व येते. फ्लुमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन असलेले गळपट्टे आणि पर्मेथ्रिनचे थेंब हे काम करतात. फिप्रोनिलचे थेंब मारतात, पण दूर ठेवण्यासाठी त्यांच्यावर फारसे विसंबता येत नाही.

आता घरात मांजर असेल तर काय, याविषयी थोडे सविस्तर लिहिणे आम्हाला आवश्यक वाटते, कारण या एका चुकीने मांजरे दगावतात. कुत्र्यांसाठीच्या काही थेंबांमध्ये पर्मेथ्रिनचे प्रमाण फार जास्त असते आणि मांजराच्या यकृताला हे औषध पुरेशा वेगाने निकामी करून शरीराबाहेर टाकता येत नाही. 'कुत्र्याचेच औषध थोडे कमी टाकले' या समजुतीने मांजराच्या मानेवर टाकलेले काही थेंबही अंगाला कंप, लाळ गळणे, चालताना तोल जाणे आणि झटके यांना कारण ठरतात. नुकतेच थेंब टाकलेल्या कुत्र्याला मांजराने चाटले किंवा त्याच्या अंगाला चिकटून ते झोपले, तरीही हाच धोका असतो. या विषबाधेवर उतारा नाही. भांडी घासण्याच्या सौम्य द्रव साबणाने कोमट पाण्यात मांजराचे अंग धुऊन वेळ न दवडता दवाखान्यात आणावे, तेथे झटके थांबवणारी औषधे आणि सलाइन देऊन त्याला सांभाळता येते आणि लवकर आणलेली बरीच मांजरे वाचतात. डेल्टामेथ्रिनचा गळपट्टाही फक्त कुत्र्यांसाठीच आहे. आमचे स्पष्ट मत असे, की कुत्रा आणि मांजर एकाच घरात असतील तर पर्मेथ्रिन घरात आणूच नये. अशा घरातील कुत्र्यासाठी गोळी हा सर्वांत निर्धास्त पर्याय ठरतो, कारण त्वचेवर काहीच लागत नाही. मांजरासाठी मात्र वेष्टनावर मांजराचे नाव आणि वजनगट छापलेलेच औषध घ्यावे. सेलामेक्टिनचे थेंब त्यासाठी चांगले आहेत, पण गोचिडीवरील त्यांचा परिणाम मर्यादित असल्याने बाहेर फिरणाऱ्या मांजराबाबत आधी विचारून घ्यावे. जाता जाता, घरात ससा असेल तर त्याला फिप्रोनिल कधीही लावू नये. सशासाठी ते विषारी आहे.

पाण्याच्या बाबतीत गोळी सरळ पुढे निघून जाते. आठवड्याला आंघोळ घालणाऱ्या किंवा कुत्र्याला पोहायला नेणाऱ्या घरांत थेंबांचा परिणाम कमी होत जातो, कारण शाम्पू त्वचेवरील तेलच धुऊन टाकतो. थेंब टाकण्याआधी आणि नंतर किमान ४८ तास आंघोळ टाळावी. गळपट्टा पाण्यात टिकतो, तरी वारंवार भिजल्यास त्याचा कालावधी घटतो. तो मान आणि पट्टा यांच्यामध्ये दोन बोटे सहज जातील इतकाच घट्ट बांधावा. केसाळ कुत्र्यात तो केसांवर तरंगत राहिला, तर त्वचेला स्पर्श न झाल्याने औषध उतरतच नाही.

गोळीची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडायला हवी. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१८ मध्ये आयसोक्साझोलिन या संपूर्ण गटाबाबत सूचना प्रसिद्ध केली, की काही प्राण्यांमध्ये स्नायूंचा कंप, तोल जाणे आणि झटके आढळले आहेत. पूर्वी झटके न आलेल्या प्राण्यांचाही त्यांत समावेश होता. बहुसंख्य कुत्र्यांना ही औषधे विनात्रास चालतात आणि त्याच सूचनेत ती सुरक्षित मानली गेली आहेत. तरीही ज्या कुत्र्याला एकदाही आकडी आली असेल, त्याला आम्ही या गोळ्या देत नाही आणि गळपट्ट्याकडे किंवा फिप्रोनिलच्या थेंबांकडे वळतो. नेहमी दिसणारा त्रास म्हणजे उलटी किंवा जुलाब, आणि तो बहुधा आपोआप थांबतो. फ्लुरालानर अन्नासोबत द्यावे, कारण उपाशीपोटी ते कमी शोषले जाते.

पिल्लांच्या वयाचा प्रश्न लेबल वाचून सोडवावा. इमिडाक्लोप्रिड-फ्लुमेथ्रिनचा गळपट्टा कुत्र्याच्या पिल्लाला सात आठवड्यांनंतर, मांजराच्या पिल्लाला दहा आठवड्यांनंतर चालतो. अनेक गोळ्या आठ आठवड्यांपासून आणि ठरावीक किमान वजनापासून चालतात. मोठ्या कुत्र्याची गोळी अर्धी मोडून पिल्लाला देऊ नये. आंघोळीच्या पाण्यात मिसळायचे अमिट्राझसारखे औषध आम्ही आता नेहमीच्या प्रतिबंधासाठी सुचवत नाही, कारण ते दर वेळी नीट मोजून लावावे लागते आणि मांजरांसाठी धोक्याचे असते.

यांपैकी काहीही निवडले, तरी पिसवांच्या बाबतीत पहिल्या महिन्यात निराशा येते, आणि तेव्हा औषधाला दोष देऊन ते बदलू नये. प्राण्याच्या अंगावर दिसणाऱ्या प्रौढ पिसवा एकूण संख्येच्या साधारण पाच टक्केच असतात. उरलेल्या अंडी, अळ्या आणि कोषांच्या रूपात अंथरुणात, गालिच्यात आणि फटींत असतात, आणि कोष कित्येक महिने तसाच पडून राहू शकतो. म्हणून घरातील प्रत्येक कुत्र्या-मांजराला सलग किमान तीन महिने औषध द्यावे, अंथरूण गरम पाण्यात धुवावे आणि फटी व्हॅक्यूमने स्वच्छ कराव्यात. तपकिरी गोचीडही घरातच आपले संपूर्ण जीवनचक्र पूर्ण करू शकते. रक्त पिऊन फुगलेली मादी कुत्र्यावरून उतरून भिंतीच्या भेगेत हजारो अंडी घालते.

एकटाच कुत्रा, झटक्यांचा इतिहास नाही, आंघोळ वारंवार, अशा घराला आम्ही गोळी सुचवतो. मात्र परिसरात एर्लिकियाचा गोचीड ताप जास्त असेल आणि घरात मांजर नसेल, तर गोळीबरोबर फ्लुमेथ्रिनचा गळपट्टाही द्यावा का, हे तपासणीच्या वेळी ठरवतो. तारखा विसरणाऱ्यांना गळपट्टा अधिक उपयोगी पडतो, कारण दोन महिने उशिरा दिलेल्या उत्तम गोळीपेक्षा सतत अंगावर असलेले मध्यम औषधही जास्त संरक्षण देते. अंगावर फुगलेली गोचीड दिसलीच, तर तेल न लावता आणि चटका न देता चिमट्याने त्वचेलगत पकडून सरळ ओढून काढावी. पुढील दोन-तीन आठवड्यांत ताप, सुस्ती किंवा हिरड्यांचा फिकेपणा दिसला, तर रक्ततपासणीसाठी घेऊन यावे.