सर्जनला पाच स्टार, बिलिंगला दोन

आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन दादरला केलं, हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही कारण खाली तक्रार पण आहे. खडे दोन वर्षं होतेच, पण दरवेळी "पित्त झालंय गं" म्हणून कोकम सरबत. शेवटी गणपतीत रात्री दोनला कळ थेट पाठीत गेली तेव्हा ऐकलं.

दुर्बिणीचं ऑपरेशन आता नवीन नाही, भारतात पित्ताशयासाठी त्याची सुरुवात आपल्या मुंबईच्या जेजे हॉस्पिटलातच १९९० ला डॉ. टेहेमटन उडवाडियांनी केली होती. मला भीती होती ती नळीची. पित्ताशयाची छोटी नळी कापायची असते, पण ती जोडलेली असते लिव्हरच्या मोठ्या नळीला आणि सूज असली की दोघींत गल्लत होते, मोठी कापली गेली की संपलंच, मग परत मोठं ऑपरेशन. सर्जन म्हणाले आयसीजी देतो, म्हणजे हिरव्या रंगाचं इंजेक्शन आधीच शिरेतून, लिव्हर तो रंग पित्तात सोडतं आणि इन्फ्रारेड कॅमेऱ्यात नळ्या चमकतात. सिस्टरने विचारलं आयोडीनची अॅलर्जी आहे का, तर आई म्हणते मीठ आयोडीनवालंच खातो की! मग म्हणे लघवी हिरवी होईल का. डॉक्टर हसले, "नाही काकू, हा रंग पित्तातूनच जातो."

नंतर त्यांनी मला क्लिप दाखवली. काळ्या स्क्रीनवर लिव्हर हिरवं आणि त्याखाली पोपटी रेघ, तिला येऊन मिळणारी दुसरी बारीक रेघ, तीच कापायची. खरं सांगू तर तिथे माझा जीव भांड्यात पडला. हेही स्वतःहून सांगितलं की चरबी किंवा सूज जास्त असली तर प्रकाश खोल जात नाही आणि नळीतला खडा यात कळेलच असं नाही, त्यासाठी मग नळीत एक्स-रेत दिसणारं औषध सोडून सी-आर्मवर, म्हणजे ऑपरेशन थिएटरातल्या एक्स-रे मशीनवर, एक्स-रे काढतात. आईचं एमआरसीपी (पित्तनळ्यांचा एमआरआय) क्लिअर होतं म्हणून ते लागलं नाही.

आता बिलिंग. एस्टिमेटमध्ये या इंजेक्शनचा उल्लेखच नाही, बिलात आलं "कन्झ्युमेबल्स"मध्ये, मेडिक्लेमवाल्यांनी ते कापलं आणि काउंटरवर उत्तर काय तर "मॅडम, टीपीएला विचारा" (टीपीए म्हणजे विमा कंपनीतर्फे क्लेम बघणारी एजन्सी). टीपीए म्हणतो हॉस्पिटलला विचारा. डिस्चार्ज सकाळी दहाला सांगितला, निघालो संध्याकाळी सहाला, आई तोपर्यंत व्हीलचेअरवर. अॅडमिट होण्याआधीच "रंगाच्या इंजेक्शनचे वेगळे किती" हे लिहून घ्या.

खड्यांची डबी मात्र फुकट दिली. आईने ती शोकेसमध्ये ठेवलीय, येईल त्याला मोजून दाखवते.