लाँच अलर्ट ॲप: काउंटडाउनपर्यंत मस्त, पुढे अंधार
अलार्म वेळेवर वाजतो, काउंटडाउन अचूक, तिथपर्यंत तक्रार नाही. पण परवा रॉकेटचं इंजिन पेटलं नि उडायच्या आधीच लगेच बंद पडलं, व्हिडिओत धूर आणि पाण्याचे फवारे, ॲपवर मात्र नुसतं 'रद्द', अहो खरी गंमत तिथूनच सुरू होते ना, रॉकेट क्लॅम्पनी धरलेलं, आधी सगळं सेफ करायचं, मग टाक्या रिकाम्या करायच्या, तोवर पॅडजवळ, म्हणजे उड्डाणाच्या चौथऱ्याजवळ, कोणी फिरकत नाही. १९८४ ला अमेरिकेचं डिस्कव्हरी अंतराळयान (शटल) असंच थांबलं, खाली हायड्रोजनची आग, अंतराळवीर आत बसलेले, उड्डाण झालं दोन महिन्यांनी. १९६५ चं जेमिनी ६ हे अमेरिकेचंच यान मात्र असंच थांबून तीनच दिवसांत उडालं. आणि हे ॲप दहा मिनिटांत 'पुढची तारीख उद्या' टाकून मोकळं, कशाच्या जोरावर? तीन स्टार, तेही अलार्मसाठी.