लॉगबॅक आणि एसएलएफ-फोर-जे: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

टॉमकॅट या जावा वेब सर्व्हरवर चालणारे आमचे वेब अ‍ॅप्लिकेशन आठ महिन्यांपूर्वी आम्ही लॉग-फोर-जे १ या नोंदी (लॉग) लिहिणाऱ्या जुन्या लायब्ररीवरून एसएलएफ-फोर-जे (नोंदींसाठी कोड वापरतो तो सामाईक इंटरफेस) आणि लॉगबॅक (त्या नोंदी प्रत्यक्ष लिहिणारी लायब्ररी) या जोडीवर आणले. लॉग-फोर-जे १ ची देखभाल २०१५ मध्येच थांबली असल्याने हा बदल करणे भागच होते. नोंदी लिहिण्याच्या कामात लॉगबॅकने एकदाही दगा दिला नाही. जो त्रास झाला तो कॉन्फिगरेशनचा, आणि त्याची पूर्वसूचना प्रत्येक वेळी सर्व्हर सुरू होतानाच कन्सोलवर आलेली होती.

सर्वांत महागात पडला तो तिसऱ्या महिन्यातला प्रसंग. एका लायब्ररीची आवृत्ती वाढवली आणि तिच्यासोबत एसएलएफ-फोर-जे २.० क्लासपाथवर (जावा जिथे क्लास शोधते त्या जागांच्या यादीत) आले. लॉगबॅक मात्र १.२ च राहिले. सगळी पाने नीट उघडत होती, त्यामुळे कन्सोलकडे कोणी पाहिले नाही. दोन दिवसांनी एक तक्रार तपासण्यासाठी लॉग फाइल उघडली, तर बदलानंतरची एकही ओळ तिच्यात नव्हती. कन्सोलवर 'नो एसएलएफ-फोर-जे प्रोव्हायडर्स वेअर फाउंड' (नोंदी लिहिणारी लायब्ररी सापडली नाही) ही ओळ ठळक उमटली होती आणि कोणते जुने बाइंडिंग (एसएलएफ-फोर-जेला लॉगबॅकसारख्या लायब्ररीशी जोडणारा दुवा) वगळले, तेही जार फाइलच्या (जावा लायब्ररीच्या फाइलच्या) पूर्ण पाथसह खाली लिहिले होते. १.७ पर्यंत एसएलएफ-फोर-जे स्टॅटिक-लॉगर-बाइंडर हा ठरावीक क्लास शोधत असे, २.० पासून हा शोध जावाच्या सर्व्हिस-लोडर या यंत्रणेमार्फत होतो. म्हणून लॉगबॅक १.२ क्लासपाथवर असूनही एसएलएफ-फोर-जे २.० ला सापडत नाही आणि साऱ्या नोंदी काहीच न लिहिणाऱ्या 'नॉप' लॉगरकडे जातात. आम्ही जावा ८ वर असल्यामुळे लॉगबॅक १.३ घेतले आणि वॉर्निंग गेली. त्या दोन दिवसांच्या नोंदी मात्र कायमच्या गेल्या.

एकाहून अधिक बाइंडिंग सापडल्याची वॉर्निंग त्या मानाने सोपी. मेव्हन या बिल्ड साधनाच्या डिपेंडन्सी ट्रीमध्ये (कोणती लायब्ररी कोणामुळे आली त्या यादीत) नको असलेली जार कोणी ओढून आणली ते दिसते आणि तिथे एक्सक्लूजन लावले, म्हणजे ती जार वगळली, की काम होते. नेमके कोणते बाइंडिंग निवडले जाईल याची हमी नसते, त्यामुळे आज चालते म्हणून ही वॉर्निंग तशीच ठेवू नये.

लॉगबॅकची मला सर्वाधिक आवडलेली गोष्ट म्हणजे त्याचे स्टेटस संदेश. कॉन्फिगरेशन टॅगवर 'डीबग' ट्रू केले की कोणती फाइल कुठून वाचली ते ओळीने छापले जाते. लॉगची पातळी (नोंदींत किती तपशील यावा ते) त्याने बदलत नाही. आमची कॉन्फिगरेशन फाइल चुकून वेब-इन्फ या अंतर्गत फोल्डरमधल्या क्लासेस फोल्डरऐवजी थेट वेब-इन्फमध्ये पडली होती, तेव्हा फाइल वाचलीच न गेल्यामुळे कन्सोलवर डीबग पातळीच्या (बारीकसारीक तपशिलाच्या) नोंदींचा पूर आला होता. फाइल योग्य जागी हलवल्यावर ती सापडल्याची खात्री याच संदेशांनी झाली.

आता आमची डिप्लॉयमेंट स्क्रिप्ट सर्व्हर सुरू होताना कन्सोल तपासते आणि एसएलएफ-फोर-जेची एकही वॉर्निंग दिसली, तरी नवी आवृत्ती पुढे जाऊ देत नाही.