पुसता न येणाऱ्या फायली, ऑटोरन्स आणि आमचा २०१४ चा लॅपटॉप: सात महिन्यांनंतर

आधी कबुली देऊन टाकते. ज्या फायलींना हेर समजून मी तीन रात्री जागवल्या, त्या सगळ्या निर्दोष निघाल्या. आणि ज्याच्याकडे बघायला हवं होतं ते विंडोज टाकून देणाऱ्यानेच आत बसवून ठेवलं होतं. ते सापडलं ऑटोरन्समुळे, म्हणजे विंडोजबरोबर आपोआप काय काय चालू होतं ते दाखवणाऱ्या साधनामुळे.

लॅपटॉप २०१४ चा. चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम. आला तेव्हा विंडोज ८.१ होतं, पुढे फुकटात १० झालं. त्यावर मी सोसायटीचे हिशोब ठेवते, मेंटेनन्सची बिलं काढते आणि बँकेचं थोडंफार काम करते. मे महिन्यात त्याची लक्षणं बिघडली. काहीही उघडलेलं नसताना पंखा घरघरायचा. उजव्या कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात ५ व्हायरस आहेत’ अशा लाल पाट्या सरकत यायच्या. सोसायटीच्या खात्याचा पासवर्ड याच यंत्रावर टाकते म्हटल्यावर माझी झोप उडाली.

मग कुणीतरी सांगितलं म्हणून लपलेल्या फायली दाखवण्याचा पर्याय चालू केला, आणि घाबरायला भरपूर सामान मिळालं. डेस्कटॉपवर ‘डेस्कटॉप डॉट आयएनआय’ नावाच्या एकसारख्या दोन फायली. सी ड्राइव्हवर पेजफाइल आणि हायबरफिल, दोन्ही गलेलठ्ठ, दोन्ही पुसायला गेलं की ‘वापरात आहे’. आणि विंडोजच्या फोल्डरात हात घातला तर म्हणे ‘ट्रस्टेड इन्स्टॉलर’ची परवानगी आणा. माझ्याच लॅपटॉपवर, माझ्या नावाचं अ‍ॅडमिन खातं असताना, हा कोण परका मालक? मला खात्रीच पटली की चोर सापडला.

चोर कसला, तो घरचा वॉचमन. ट्रस्टेड इन्स्टॉलर ही विंडोजची स्वतःची अपडेट बसवणारी सेवा. व्हिस्टापासून सिस्टिम फायलींची मालकी तिच्याकडे असते, म्हणजे अ‍ॅडमिनच्या हातूनही चुकून काही उडू नये. पेजफाइल म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची जागा. हायबरफिल म्हणजे हायबरनेट करताना रॅममधलं सगळं उतरवून ठेवायची जागा. ती नकोच असेल तर ‘पॉवरसीएफजी’ची एक आज्ञा देऊन बंद करता येते, मात्र झटपट चालू होण्याची सोयही जाते. आणि त्या जुळ्या आयएनआय फायलींत फोल्डर कसं दिसावं याच्या नोंदी असतात; एक माझ्या डेस्कटॉपची, दुसरी सगळ्या वापरकर्त्यांच्या सामाईक डेस्कटॉपची. बस्स, एवढंच.

हे कळायच्या आधी मी एका व्हिडिओवरून ‘मालकी घ्या’वाली युक्ती करून ‘विंडोजअ‍ॅप्स’ हे अ‍ॅप्स ठेवायचं फोल्डर ताब्यात घेतलं होतं. परिणाम: कॅल्क्युलेटर आणि फोटो, दोन्ही उघडायचे बंद. पुढचे दोन महिने बिलांच्या बेरजा मोबाइलवर केल्या. कुलूप आहे म्हणून फोडायला जाऊ नका, एवढं मी स्वखर्चाने शिकले.

आता ज्यांच्यासाठी हा अनुभव लिहायला घेतला ती दोन हत्यारं: आत्ता काय काय चालू आहे ते दाखवणारा प्रोसेस एक्सप्लोरर आणि ऑटोरन्स. दोन्ही सिसइंटर्नल्स या साधनसंचातली. मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी तो १९९६ पासून वाढवला आणि २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतला. दोन्ही हत्यारं फुकट आहेत, इन्स्टॉल करावी लागत नाहीत, जुन्या यंत्रावरही पटकन उघडतात. मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून घ्यावीत, दुसरीकडून नाही.

प्रोसेस एक्सप्लोररने पहिल्याच संध्याकाळी पंख्याचा उलगडा केला. टास्क मॅनेजरमध्ये ‘एसव्हीसीहोस्ट’च्या, म्हणजे विंडोजच्या सेवा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, नुसत्या रांगा दिसतात; इथे त्यावर माउस नेला की आत कोणती सेवा चालू आहे ते कळतं. खरा एसव्हीसीहोस्ट विंडोजच्या सिस्टिम-३२ फोल्डरात राहतो. त्या नावाचा कुणी डाउनलोड्समधून चालत असेल, तर संशय घ्यावा. माझ्याकडे सगळे जागच्या जागी होते. प्रोसेसर खात होता अपडेटवाला, म्हणजे पुन्हा तोच ट्रस्टेड इन्स्टॉलर आणि त्याचा मदतनीस. चार जीबीत बिचाऱ्याची दमछाक होत होती.

एक फाइल मात्र खरोखरच अडून बसली होती. जुनं पीडीएफ सॉफ्टवेअर काढून टाकलं तरी त्याची एक डीएलएल (प्रोग्रामची जोडफाइल) पुसता येत नव्हती. प्रोसेस एक्सप्लोररमध्ये कंट्रोल-एफ दाबून नाव टाकलं, तर ती खुद्द विंडोज एक्सप्लोररने धरलेली निघाली. उजव्या क्लिकच्या मेनूत तिची ओळ शिल्लक होती ना! ऑटोरन्समधल्या एक्सप्लोररच्या टॅबमध्ये तिच्यापुढची टिकची खूण काढून टाकली, रीस्टार्ट केलं, फाइल गेली. सात महिन्यांतलं सर्वांत समाधानाचं डिलीट.

लाल पाट्यांचं रहस्य तर लाजिरवाणं. पीडीएफ जोडून देणाऱ्या कुठल्याशा साइटवर मी ‘अलाऊ’ दाबलं होतं. ब्राउझरच्या सेटिंगमधून तिची नोटिफिकेशनची परवानगी काढली, पाट्या बंद. व्हायरस नव्हताच.

आणि मग ऑटोरन्समधली शेड्यूल्ड टास्कची, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची, यादी उघडली. मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवायचा पर्याय आहे, तो आधी चालू करा, नाहीतर शेकडो ओळी बघून घेरी येते. पिवळी ओळ म्हणजे फाइल जागेवर नाही. गुलाबी म्हणजे डिजिटल सही किंवा प्रकाशकाचा पत्ता नाही. माझ्या यादीत एक गुलाबी ओळ होती, ‘ऑटोकेएमएस’. दोन वर्षांपूर्वी हार्ड डिस्क बदलून घेतली तेव्हा ‘ओरिजिनल विंडोज टाकून देतो ताई’ म्हणत बसवलेला अ‍ॅक्टिव्हेटर, म्हणजे परवाना न घेता विंडोज अधिकृत असल्याचं भासवणारं साधन! डिफेंडरने, म्हणजे विंडोजच्याच अँटिव्हायरसने, आजवर त्याला पकडलं कसं नाही? सेटिंगमध्ये वगळलेल्या जागांची यादी असते, तिथे अ‍ॅक्टिव्हेटरचं फोल्डर आणि वर आख्खं ‘प्रोग्रामडेटा’ फोल्डर टाकून ठेवलेलं. म्हणजे पहारेकऱ्याला सांगितलेलं की या दोन खोल्यांकडे बघायचं नाही. तिथे पुढे आणखी कोणी येऊन राहिलं असतं तरी मला पत्ता लागला नसता.

वगळलेल्या जागा काढल्याबरोबर डिफेंडरने त्याला ‘हॅकटूल’ म्हणून उचललं. मग ऑफलाइन स्कॅन केला. हा विंडोज चालू व्हायच्या आधीच तपासतो, त्यामुळे आत चालू असलेल्याला लपायला जागा उरत नाही. पाव तासाचं काम असतं. माझ्या यंत्राने पाऊण तास घेतला आणि काही न बोलता रीस्टार्ट झाला. निकाल प्रोटेक्शन हिस्टरीत जाऊन शोधावा लागतो, ही एक तक्रार. आणखी काही सापडलं नाही. तरी मी सगळे पासवर्ड बदलले, आणि ते मोबाइलवरून. ज्या यंत्रावर संशय त्याच यंत्रावर नवा पासवर्ड टाकण्यात काय अर्थ?

शेवटी ऑगस्टमध्ये डेटा बाहेर काढून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून विंडोज नव्याने टाकलं. तेव्हा कळलं की अ‍ॅक्टिव्हेटरची गरजच नव्हती. विंडोज ८ पासून कंपनीकडून आलेल्या लॅपटॉपची परवान्याची की मदरबोर्डमध्येच असते. माझी ‘होम सिंगल लँग्वेज’ होती आणि त्या भल्या माणसाने ‘प्रो’ टाकलेलं, मग जुळणार कसं? बरोबर आवृत्ती टाकली, इंटरनेट जोडलं, काही न विचारता अ‍ॅक्टिव्हेट झालं. कॅल्क्युलेटरही परत आला.

ऑटोरन्सबद्दल दोन खटकणाऱ्या गोष्टी. अक्षरं मुंगीएवढी आहेत. आणि चुकीची खूण काढली तर तो अडवत नाही: मी टचपॅडची काढली आणि माउस शोधत बसले. निदान खूण परत करता येते, म्हणून ओळ थेट डिलीट करू नये. व्हायरसटोटलशी (अनेक अँटिव्हायरसांकडून फाइल तपासणारी साइट) तुलना करायची सोय चांगली आहे, पण तिथल्या सत्तरेक इंजिनांपैकी एकाने लाल दाखवलं म्हणून धावू नका. माझ्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरला आजही एक लाल मिळतो. एरवी फाइलचा फक्त हॅश, म्हणजे तिचा बोटाचा ठसा, जातो. अनोळखी फायली अपलोड करायचा पर्याय वेगळा आहे, तो मी बंदच ठेवलाय.

मधे १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. आमचा प्रोसेसर ११ ला चालत नाही. वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी केली आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्यापुढे लिनक्स मिंट या विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट सिस्टिमचा विचार आहे. पेनड्राइव्हवरून चालवून बघितला, पंखा ऐकूसुद्धा आला नाही. पण सोसायटीच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर त्यावर चालत नाही आणि ते बदलायचं तर कमिटीची मीटिंग लावावी लागेल.