पोस्टर कलरची बाटली की गुवाशची ट्यूब?

गुवाश म्हणजे अपारदर्शक जलरंग शिकायचं ठरलं की दुकानात इथेच अडतं. दोन्ही रंग पाण्यात मिसळणारे, अपारदर्शक, वाळल्यावर मॅट. एलिमेंटरी-इंटरमीडिएटच्या परीक्षा दिलेल्यांच्या घरी पोस्टर कलर बहुधा पडूनच असतात.

खर्चात बाटली सरळ जिंकते. खालचा रंग झाकण्यात नाही: तिच्यात भराव जास्त, रंगद्रव्य कमी, त्यामुळे गडद रंगावर पिवळ्याचे दोन-तीन हात लागतात.

खरा फरक मिश्रणात कळतो. पोस्टर कलरच्या लालमध्ये पांढरा घातला की छटा खडूसारखी मरगळते. चांगल्या ट्यूबमधली ताजी राहते. ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांकही असतो. अल्ट्रामरीन निळ्यावर ‘पीबी २९’ दिसलं की आत काय आहे ते कळतं. चित्र भिंतीवर लावायचं असेल तर हे बघाच, स्वस्त रंग उन्हात लवकर उडतात.

बाटलीत खरकटा ब्रश बुडवू नका, रंग नासतो आणि वास मारतो. ट्यूबमधून वाटाण्याएवढाच काढा.

चुका मात्र दोन्हींत सारख्याच. पहिला हात दुधासारखा पातळ हवा, पुढचा सायीसारखा दाट. पाणी जास्त झालं तर डाग, थर जाड झाला तर तडे. ओला ब्रश दोनदा घासला की खालचा रंग उठतो. गडद छटा वाळून थोडी फिकटते, म्हणून कागदाच्या कडेला आधी पट्टी मारून बघा.

पहिली वीस-पंचवीस चित्रं, सपाट हात बसवणं, मुलांचा सराव: पोस्टर कलर. निसर्गचित्रं, विकायची किंवा भेट द्यायची चित्रं: पाच ट्यूब (लेमन यलो, क्रिमसन, अल्ट्रामरीन, काळा आणि मोठा पांढरा) आणि ३०० जीएसएमचा जाड कागद.