टपावर तंबू, की टपच उचलायचं?

महिंद्राची जुनी कमांडर किंवा एमएम जीप दारात उभी आहे, फोर बाय फोर ठणठणीत चालतंय, मुक्कामाच्या भटकंतीला गाडी तयार करायची आहे आणि सगळं एकाच प्रश्नावर अडलंय: टपावर तंबू बांधायचा, की टपच वर उचललं जाईल असं करून घ्यायचं? दोन्हींत मी झोपलोय. मित्राच्या गाडीवर हार्डशेल, म्हणजे कडक कवचाचा तंबू आहे, तो एक अख्खा पावसाळा मनसोक्त वापरला. माझ्या कमांडरला पॉप-टॉप, म्हणजे बिजागरीवर वर उचलणारं टप आहे. म्हणजे माझा कल कुठं असणार ते कळलंच असेल. तरी तंबूची बाजू आधी मांडतो, कारण ती कच्ची नाही.

तंबूचं सगळ्यात मोठं सुख म्हणजे गाडीला हात लावावा लागत नाही. चार माणसं बोलवा, कॅरिअरवर चढवा, आवळा, निघा. गाडी विकली तर तंबू दुसऱ्या गाडीवर जातो. कापड आणि शिलाई कारखान्यातून नीट होऊन आलेली असते, गादी आतच असते. दिवाळीपासून होळीपर्यंतच्या कोरड्या हवेत, चंदगडकडं पाव्हण्यांच्या शेतात गाडी लावली आणि चारी बाजूच्या जाळ्या उघडल्या, की त्या झोपेला तोड नाही. त्या दिवसांत पॉप-टॉप तंबूपेक्षा सरस आहे असं मी म्हणणार नाही.

वजनाचं मात्र बघा. 60 किलोच्या आसपासचा ऐवज कायम डोक्यावर घेऊन स्प्रिंगच्या जागी पाटे (लीफ स्प्रिंग) असलेली जीप भुईबावडा घाट उतरते, तेव्हा प्रत्येक वळणावर ती नेहमीपेक्षा जास्त कलते. मोजलेलं नाही, पण स्टेअरिंगवर बसलेल्याला ते कळतं. आणि दाजीपूरकडच्या रस्त्यांवर खाली आलेल्या फांद्या टपाच्या उंचीचा हिशोब करत नाहीत.

कायद्याच्या बाजूनं तंबू सरळ पुढं आहे. तो सामान म्हणून बांधला जातो. टप बदलणं ही वेगळी गोष्ट. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणं उत्पादकानं दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 च्या निकालात तेच बजावलं आहे. त्यामुळं नव्या फोर्स गुरखा जीपचं पोलादी छप्पर कापायचा विचार असेल तर मी हात जोडून नको म्हणेन. कायदा तर आहेच, पण गाडी उलटली तर आतल्या माणसांना तेच छप्पर वाचवतं.

कमांडरची गोष्ट थोडी निराळी. वडापच्या, म्हणजे खाजगी प्रवासी वाहतुकीच्या काळात ही गाडी हूडवरही (कापडी छत) फिरली आणि हार्डटॉपवरही (कडक छत), कारण हार्डटॉप बॉडीला बोल्टनं बसतं. माझ्या कामात पत्र्याला करवत लागली नाही. जुनं हार्डटॉप उतरवलं आणि त्याच भोकांवर नवं बसवलं. तरीही आधी आरटीओत लेखी अर्ज केला, मंजुरी हातात आल्यावरच काम सुरू केलं आणि विमा कंपनीला कळवलं. आपल्या या गाड्या 15 वर्षं ओलांडलेल्या, दर 5 वर्षांनी फेरनोंदणीला जाणाऱ्या. तिथं गाडी आणि आरसी बुक जुळायलाच हवं. एवढी पायपीट करायची तयारी नसेल, तर पुढचं वाचून मोहात पडू नका, तंबू घ्या.

आता ज्या गोष्टीनं माझा निर्णय केला ती सांगतो. ऐकायला क्षुल्लक वाटेल: रेनकोट काढायचा कुठं?

कोल्हापूरकडच्या गगनबावड्याला आषाढात पाऊस लागला की तो वरून कमी आणि आडवा जास्त येतो. रात्री एकदा तरी खाली उतरावं लागतंच. तंबूतून उतरायचं म्हणजे आत बसूनच, मान वाकवून रेनकोट चढवायचा आणि चेन उघडायची. झडपेच्या घडीत साठलेलं पाणी त्याच क्षणी गादीच्या कडेवर येतं. शिडीच्या पायऱ्या ओल्या, खाली लाल चिखल, गवतात जळवा. इथपर्यंत चालवून घेता येतं. खरी पंचाईत परत येताना. एक हात शिडीला, दुसरा चेनला, अंगावर निथळता रेनकोट, पायात चिखलाचे बूट. शिडीवर उभं राहून रेनकोट काढता येत नाही, आणि आत जाऊन काढला तर गादी भिजते. बूट खाली ठेवले तर सकाळी पाण्यानं भरलेले, वर आणले तर उशाशी चिखल. तंबूखाली लावायची कापडी खोली मिळते, तिनं बरंच भागतं हे खरं. पण घाटमाथ्याच्या वाऱ्यात ती उभी करणं हे स्वतंत्र काम आहे, आणि सकाळी ओलं गुंडाळायचं आणखी एक कापड वाढतं.

पॉप-टॉपमध्ये मी मागचं दार उघडून आत येतो आणि सरळ उभा राहतो. टप वर असल्यामुळं डोक्यावर जागा असते. रेनकोट तिथंच निघतो, दाराजवळच्या हुकाला लागतो. पाणी पत्र्याच्या फ्लोअरवर पडतं आणि रबरी बूच काढलेल्या भोकातून खाली जातं. बूट बाकाखाली सरकवायचे आणि कोरड्या अंगानं वरच्या बिछान्यात चढायचं. मला दुसरं काही सिद्ध करायचं नाही. आपल्याकडं भटकायचे दिवस म्हणजे पावसाचे दिवस, आणि पावसात ओलं आणि कोरडं वेगळं ठेवायला जी दोन हात जागा लागते ती तंबूत नाही.

उभं राहता येतं म्हणून चहाही आत होतो. फक्त स्टोव्ह पेटला की जाळीची खिडकी आणि मागचं दार दोन्ही उघडं ठेवा. बंद जागेत जळणाऱ्या गॅसमधून तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड वासानं ओळखता येत नाही. झोपताना स्टोव्ह पूर्ण बंद, थंडी कितीही असो.

पॉप-टॉपचे त्रास लपवत नाही. फायबरचं टप आतून घामेजतं. दोन माणसांच्या श्वासानं पहाटे थेंब टपकतात. फोम चिकटवून वर कार्पेटचं कापड लावल्यावर ते बरंच कमी झालं, पण थंडीत खिडकी बोटभर उघडी लागतेच. टप बंद करणं हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे. उचललेलं टप आणि बॉडी यांच्यामधल्या कापडाच्या मधोमध बाहेरून इलॅस्टिकची दोरी फिरवलेली असली की ते आत ओढलं जातं. बंद करताना दार उघडं ठेवायचं, नाहीतर आतली हवा कापडाला बाहेर ढकलते. मग चारही कोपरे हातानं चाचपायचे. कापडाची चिमूटभर घडी रबरात अडकून बाहेर राहिली, तर चालत्या गाडीत ती वातीसारखं पाणी आत ओढते आणि घरी पोचेपर्यंत गादीचा कोपरा ओला होतो. शिवाय ओलं कापड घडी होतं ते गाडीच्या आतच. तंबूचं निदान बाहेर राहतं. घरी आल्यावर त्याच दिवशी टप उघडून वाळवायचं, उद्यावर टाकलं तर बुरशी धरते.

करून घ्यायचं ठरलं तर बिजागरी कुठं हा पहिला प्रश्न. जुन्या लँड रोव्हरवरचं मार्टिन वॉल्टर या ब्रिटिश कंपनीचं डॉर्मोबिल टप एका अंगाला उघडायचं, पट्ट्यापट्ट्यांच्या कापडासकट. दिसायला देखणं, पण आपल्या वाऱ्याला मला ते मानवेल असं वाटत नाही. मी बिजागरी पुढं, काचेकडं घेतली. टप मागून उचलतं. दोन फायदे. चालत्या गाडीत एखादी कडी निसटलीच तरी समोरचा वारा टपाखाली शिरत नाही. आणि घाटमाथ्यावर पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, तेव्हा गाडीचं तोंड पश्चिमेला केलं की वाऱ्यासमोर उतरती, ठेंगणी बाजू येते आणि उंच कापड आडोशाला राहतं.

लोखंडाचं काम कोल्हापूरच्या उद्यमनगरात होऊन जातं. तिथल्या मिस्त्रीला बिजागरी आणि फ्रेम समजावून सांगावी लागत नाही. कापडाचं मात्र कारागिराच्या शेजारी बसून करून घ्या. ताडपत्री शिवणारा हात जाड सुई वापरतो आणि सुईचं प्रत्येक भोक पावसात बोलतं. शिवण झाल्यावर आतून सीम टेप (शिवणीवर चिकटणारी पाणीरोधक पट्टी) लावून घ्या आणि गाडीवर चढवायच्या आधी नळाखाली धरून बघा.

टप उचलून धरणारे गॅस स्ट्रट (गॅस भरलेले दांडे) निवडताना गादी, फोम आणि भिजलेलं कापड धरून वजन सांगा, नुसत्या टपाचं नको. आणि स्ट्रट कितीही चांगले असले तरी दोन्ही बाजूंना खिट्टीत बसणारा लोखंडी टेकू असू द्या. थंडीत स्ट्रटचा जोर कमी होतो, आणि ते टप रात्री झोपलेल्या माणसावर यायला नको.