आठ जीबीतला पोटखराबा : लॅपटॉपच्या आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या गुढीपाडव्याला मी कामासाठी नवा लॅपटॉप घेतला. माझे काम पुस्तकांच्या आणि दिवाळी अंकांच्या पानांची मांडणी करण्याचे आहे, त्यामुळे एका बाजूला मांडणीचा प्रोग्राम, दुसऱ्या बाजूला चित्रांचा, मागे ब्राउझरमध्ये उघडलेली पंधरा-वीस पाने आणि संपादकांकडून येणाऱ्या पीडीएफ फाइली असा पसारा दिवसभर चालू असतो. खोक्यावर ठळक अक्षरांत ८ जीबी रॅम (चालू कामासाठीची मेमरी), ५१२ जीबी एसएसडी (फाइली साठवायची डिस्क) असे छापलेले होते. ही आठ जीबी रॅम मदरबोर्डवरच डाग देऊन बसवलेली आहे आणि शेजारी एक स्लॉट रिकामा आहे. ग्राफिक्ससाठी वेगळे कार्ड नाही, ते प्रोसेसरच्या पोटातच आहे. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते एकाच कंपनीच्या यंत्रापुरते नाही.

तिसऱ्या दिवशी सेटिंग्जमध्ये सहज डोकावले, तेव्हा तेथे ८.०० जीबी असे लिहून पुढे कंसात ५.८९ जीबी वापरण्यायोग्य अशी पुस्ती जोडलेली दिसली. दोन जीबीहून अधिक मेमरी नव्या यंत्रात तिसऱ्याच दिवशी कुठे गेली, हे मला कळेना. आधी वाटले, एसएसडीचे जे होते तेच येथेही झाले असावे. ५१२ जीबीची एसएसडी विंडोज ४७६ जीबी दाखवते, कारण डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजते. त्यात चोरी कोणाचीच नसते, माप तेवढे वेगळे असते. पण रॅमला हे लागू पडत नाही. रॅम बनवणाराही १०२४ च्याच पटीत मोजतो. आठ जीबीच्या रॅममध्ये खरोखरच ८,५८,९९,३४,५९२ बाइट असतात आणि विंडोजही त्याच मापाने मोजते. म्हणजे मापाच्या फरकात एक बाइटही हरवत नाही.

दुकानात फोन केला. पलीकडून उत्तर आले, "ताई, यंत्र घेऊन या, रॅम काढून रबर मारून बसवतो." आपल्याकडच्या संगणक दुरुस्तीतला हा जुना आणि बऱ्याचदा लागू पडणारा उपाय आहे: रॅमची पट्टी काढायची, तिच्या सोनेरी दातांवरून शाळेतले खोडरबर हलक्या हाताने फिरवायचे, भुसा फुंकून टाकायचा आणि पट्टी खटका वाजेपर्यंत परत दाबायची. माझ्या जुन्या डेस्कटॉपवर तो दोनदा कामाला आला होता. पण तेव्हाचे लक्षण वेगळे होते. पट्टी नीट बसलेली नसली किंवा स्लॉट बिघडलेला असला, तर बसवलेली मेमरीच कमी दिसते, म्हणजे आठच्या जागी चार. येथे बसवलेली मेमरी पूर्ण आठ दिसत होती आणि फक्त वापरण्यायोग्य आकडा कमी होता. शिवाय येथे काढायला पट्टीच नव्हती. हे दोन आकडे वेगवेगळे वाचायला शिकणे हा या आठ महिन्यांतला माझा सर्वांत उपयोगी धडा ठरला, आणि तो मला दुकानात कोणी सांगितला नाही.

विंडोजमधल्या टास्क मॅनेजर या चालू प्रोग्राम दाखवणाऱ्या साधनात मेमरीच्या पानावर खाली बारीक अक्षरांत 'हार्डवेअर रिझर्व्ह्ड २.१ जीबी', म्हणजे यंत्रासाठी राखीव, अशी नोंद सापडली. रिसोर्स मॉनिटर उघडल्यावर तीच गोष्ट चित्रात दिसली: आडव्या पट्टीच्या डाव्या टोकाला राखाडी तुकडा, मग वापरातल्या मेमरीचा हिरवा, पुढे थोडा केशरी, मग निळ्याच्या दोन छटा. निळा भाग कमी-जास्त होत राहतो; प्रोग्राम बंद केले की हिरवा आक्रसतो. राखाडी तुकडा मात्र काहीही केले तरी तसूभर हलत नाही. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हे पटकन समजेल. सातबाऱ्यावर एकूण क्षेत्र एक असते आणि लागवडीयोग्य क्षेत्र दुसरे असते, मधला फरक पोटखराब्याचा. जमीन आपलीच असते, कोणी बळकावलेली नसते, पण तेथे नांगर चालत नाही.

हा पोटखराबा कोणाचा, हे शोधायला मला दोन आठवडे लागले. ग्राफिक्सचे वेगळे कार्ड असते तेव्हा त्या कार्डावर त्याची स्वतःची मेमरी असते. ग्राफिक्स प्रोसेसरच्या पोटात असले, की त्याला मुख्य रॅममधूनच वाटा द्यावा लागतो. हा वाटा विंडोज देत नाही. यंत्र सुरू होताच, विंडोज जागे होण्याच्या आधी, फर्मवेअर (मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असलेला, यंत्र सुरू करणारा प्रोग्राम) तो कापून बाजूला ठेवते आणि मेमरीचा जो नकाशा विंडोजच्या हाती देते, त्यात तो भाग राखीव म्हणून दाखवते. माझ्या यंत्रात हा वाटा २ जीबीचा होता. आता १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या पडद्याचे एक संपूर्ण चित्र धरायला, प्रत्येक बिंदूला चार बाइट धरले तरी, जेमतेम ८ एमबी लागतात. तेव्हा एवढी मोठी तरतूद माझ्यासाठी नव्हतीच, ती गेम खेळणाऱ्यांसाठी होती. त्यांना खेळातले नकाशे आणि वस्तूंच्या पृष्ठभागांचे पोत ग्राफिक्सच्या हाताशी हवे असतात आणि काही गेम तर राखीव मेमरी कमी दिसली की सुरूच होत नाहीत. गंमत म्हणजे गरज पडली तर विंडोज ग्राफिक्सला उरलेल्या रॅमपैकी निम्म्यापर्यंत मेमरी उधार देते आणि काम संपले की परत घेते. टास्क मॅनेजरमध्ये हिलाच 'शेअर्ड जीपीयू मेमरी' म्हटलेले असते, आणि तिचा आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही, कारण ती कापून ठेवलेली नसते.

मधल्या काळात मी एक चूक केली, ती सांगायला हवी, कारण हा उपाय सर्रास सुचवला जातो. एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंग-साधनातल्या बूट या पानावर प्रगत पर्यायांत 'मॅक्सिमम मेमरी' अशी चौकट असते. तेथे खूण करून ८१९२ (एमबी, म्हणजे आठ जीबी) भरा, मेमरी परत मिळेल, असे माझ्या भाच्याने कोठेतरी ऐकले होते. भरले, यंत्र पुन्हा सुरू केले, आणि ५.८९ चा आकडा वाढण्याऐवजी जवळजवळ एक जीबीने आणखी खाली आला. "मावशी, आता ही कोणी खाल्ली?" असे त्याने विचारले, तेव्हा मला हसावे की रडावे कळेना. ती चौकट मेमरी वाढवण्यासाठी नसून तोडण्यासाठी आहे. मेमरीतल्या प्रत्येक बाइटाला एक क्रमांक असतो, त्याला पत्ता म्हणतात. चौकटीत भरलेल्या पत्त्याच्या वरची सारी मेमरी विंडोजने विचारात घेऊ नये, एवढाच तिचा अर्थ. पत्त्यांच्या रांगेत खालची काही जागा इतर उपकरणांना दिलेली असल्यामुळे रॅमचा काही भाग ८१९२ एमबीच्या पुढच्या पत्त्यांवर सरकवलेला असतो, आणि नेमका तोच कापला गेला. खूण काढताच आकडा पूर्वपदावर आला.

खरा उपाय फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये निघाला. यंत्र सुरू होताना एफ२ दाबून आत गेल्यावर प्रगत विभागात 'यूएमए फ्रेम बफर साइझ' हा पर्याय मिळाला. एएमडीच्या प्रोसेसरांवर त्याला असे नाव असते. इंटेलच्या यंत्रांत 'डीव्हीएमटी प्री-अलोकेटेड' असे लिहिलेले आढळते आणि तेथे मुळात बाजूला ठेवलेला वाटा सहसा बराच लहान असतो. मी २ जीबीच्या जागी ५१२ एमबी निवडले, जतन करून बाहेर पडले, आणि विंडोजने ७.३७ जीबी दाखवले. दीड जीबी परत आली, एक रुपयाही खर्च न होता. पुष्कळ लॅपटॉपांत हा पर्याय लपवलेला असतो किंवा दिलेलाच नसतो, त्यामुळे घेण्यापूर्वी दुकानातच फर्मवेअर उघडून पाहावे असे मी आता ओळखीच्यांना सांगते. दुकानदार कुरकुरतात, पण दाखवतात.

७.३७ पुढचे उरलेले काय, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. आठातून ग्राफिक्सचा अर्धा जीबी गेल्यावर साडेसात राहतात; त्यातून ७.३७ वजा केल्यावर उरणारे सुमारे १३० एमबी फर्मवेअरच्या स्वतःच्या कामासाठी आणि विजेच्या व्यवस्थापनाच्या तक्त्यांसाठी अडकलेले असतात, आणि ते सोडवता येत नाहीत. पेनड्राइव्हवरून लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी दुसरी प्रणाली चालवून पाहिली, तर तेथे एकूण मेमरी ७.२ एवढीच दिसली. लिनक्स आपला गाभा आणि मेमरीच्या पानांची, म्हणजे तिच्या ठरावीक मापाच्या तुकड्यांची, हिशेबवही आधीच वजा करून मगच एकूण सांगते. ४०९६ बाइटांच्या प्रत्येक पानामागे ६४ बाइटांची नोंद, म्हणजे आठ जीबीमागे १२८ एमबी नुसत्या हिशेबाला जातात. मांडणीच्या धंद्यात पानांची अनुक्रमणिका स्वतः पाने खाते, तसेच हे आहे.

याच काळात मी जेथे अंक छापून घेते, त्या छापखान्यातल्या जुन्या संगणकावरही असाच प्रश्न आला, पण कारण अगदी निराळे होते. तेथे विंडोज ७ ची ३२ बिटांची आवृत्ती आहे. चार जीबीपैकी ३.२४ दिसत होती, म्हणून मालकांनी आणखी चार जीबी आणून बसवली, तरी वापरण्यायोग्य आकडा ३.२४ च राहिला. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ पत्तेच मावतात, आणि ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड, फर्मवेअरची चिप यांनाही त्याच रांगेतले पत्ते लागतात. त्यांना दिलेल्या पत्त्यांमागची रॅम बसलेली असूनही हाकेला ओ देऊ शकत नाही. इंटेलने १९९५ च्या पेंटियम प्रोमध्ये ३६ बिटांचे पत्ते आणून ६४ जीबीपर्यंतची वाट मोकळी केली होती, पण घरगुती विंडोजच्या ३२ बिटांच्या आवृत्त्यांत मायक्रोसॉफ्टने चार जीबीची मर्यादा कायम ठेवली, कारण अनेक ड्रायव्हर (उपकरणे चालवणारे छोटे प्रोग्राम) त्यापुढचे पत्ते हाताळताना कोलमडत होते. ६४ बिटांची आवृत्ती टाकणे हा सरळ उपाय होता. तो छापखान्याला परवडत नाही, कारण तेथले जुने अक्षरजुळणीचे सॉफ्टवेअर समांतर पोर्टाला (जुन्या प्रिंटरच्या जोडणीला) लावलेल्या डोंगलवर, म्हणजे परवान्याच्या छोट्या किल्लीवर, चालते आणि त्याचा ६४ बिटांचा ड्रायव्हर नाही. तीस वर्षांचा मजकूर त्या सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये अडकलेला आहे. मालकांनी नवी पट्टी काढून दुसऱ्या संगणकात बसवली, हेच शहाणपणाचे झाले.

यंत्राविषयी थोडक्यात सांगायचे तर कीबोर्ड चांगला आहे, बॅटरी पाच तास पुरते, पंखा मे महिन्यात फार आवाज करतो आणि पडद्यावरचे रंग छपाईच्या रंगांशी जुळवताना डोळ्यांवरच भरवसा ठेवावा लागतो. मेमरीच्या बाबतीत ५.८९ वर काम करताना मोठ्या चित्रांचे पान सरकवले की क्षण दोन क्षण सारे थिजायचे. ७.३७ वर हे पुष्कळ कमी झाले, पण सव्वादोनशे पानांचा अंक उघडल्यावर थांबले नाही. म्हणून ऑगस्टमध्ये रिकाम्या स्लॉटमध्ये आठ जीबीची आणखी एक पट्टी बसवून घेतली. आता १६.० पैकी १५.४ दिसते, आणि मेमरी दोन वाटांनी चालू लागल्यामुळे ग्राफिक्सचा वेगही वाढला. सप्टेंबरात फर्मवेअर अद्ययावत झाले तेव्हा मला न विचारता सेटिंग मूळ जागी गेले आणि आकडा १३.९ वर आला. तो मी पुन्हा बदलला.

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला. त्याच्या गेमला ५१२ एमबी पुरेनात, म्हणून त्याने मला विचारून वाटा परत २ जीबीवर नेला. आठपैकी दोन गेले तेव्हा माझे काम अडत होते, सोळापैकी दोन गेल्याने अडत नाही. शिवाय अंक छापून झाला आहे, त्यामुळे तो गेल्यावरही मी ते सेटिंग तसेच राहू दिले आहे.